एकाहत्तरावा क्रमांक छापण्याआधी

मराठी दैनिकांच्या क्रीडा संपादकांना खुले पत्र



मी निवृत्त क्रीडाशिक्षक. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत चौतीस वर्षे पीटीचा सर म्हणून काढली. शाळेच्या दारात एक फळा होता. त्याच्या डाव्या अंगाला सुविचार, उजव्या अंगाला बातम्या. ज्या वर्षी ऑलिम्पिक, आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धा असेल, त्या वर्षी उजवे अंग माझ्या ताब्यात असे. सकाळच्या एसटीने पेपर आला की तुमचे पान उघडायचे आणि पदकतक्ता खडूने उतरवून काढायचा. प्रार्थनेला येणारी मुले आधी तिकडे बघत.

१२ ऑगस्ट २०२४ रोजी, सोमवारी, मी पॅरिसचा शेवटचा तक्ता लिहिला. वर दहा देश, मग ठिपके, मग तळाशी : ७१. भारत, सुवर्ण ०, रौप्य १, कांस्य ५. आठवीतली एक मुलगी, रोज शाळा सुटल्यावर लांब उडीच्या खड्ड्यावर थांबणारी, फळ्यासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "सर, एकाहत्तरावा म्हणजे आपण नापासच ना?" घंटा झाली आणि ती वर्गात गेली. तिला मी त्या दिवशी जे सांगायला हवे होते, ते तुम्हाला सांगतो आहे. कारण तो आकडा मी तुमच्या पानावरून उचलला होता.

माझ्याकडे कात्रणांची वही आहे. १९९६, अटलांटा : लिअँडर पेसचे टेनिसमधले एक कांस्य, भारत संयुक्त ७१ वा. २०००, सिडनी : कर्णम मल्लेश्वरीचे वेटलिफ्टिंगमधले एक कांस्य, भारत पुन्हा संयुक्त ७१ वा. २०२४, पॅरिस : नीरज चोप्राचे रौप्य, मनू भाकरची दोन कांस्ये (त्यातले एक सरबज्योत सिंगबरोबर), आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे कांस्य, अमन सेहरावतचे कांस्य, हॉकी संघाचे कांस्य. मिळून सहा पदके. क्रमांक ७१.

एका पदकालाही एकाहत्तर आणि सहा पदकांनाही एकाहत्तर. चोवीस-अठ्ठावीस वर्षांत जे काही घडले ते या आकड्याला दिसतच नाही. आपल्या मुलाला एका चाचणीत शंभरपैकी दहा आणि दुसऱ्या चाचणीत साठ पडले आणि शाळेने दोन्ही वेळा प्रगतिपुस्तकावर एकच शेरा मारला, तर पालक शाळेत येऊन जाब विचारतील. इथे जाब कुणी विचारत नाही, कारण तक्ता आकड्यांचा असतो आणि आकड्यांवर आपला विश्वास असतो.

तुम्हाला नियम ठाऊक आहे, तरी वाचकांसाठी सांगतो. आपण छापतो तो तक्ता आधी फक्त सुवर्णपदके बघतो. सुवर्ण समान असतील तर रौप्य, तेही समान असतील तर कांस्य. म्हणजे एका सुवर्णाखाली कितीही रौप्ये दबून जातात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानने आठ पदके जिंकली, तीन रौप्य आणि पाच कांस्य. तो देश ६४ वा आला. एकेक सुवर्ण जिंकलेले पाकिस्तान आणि डोमिनिका हे दोघे संयुक्त ६२ वे. पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या ९२.९७ मीटरच्या भालाफेकीला माझा मनापासून सलाम आहे. एकट्याने, अपुऱ्या साधनांवर त्या माणसाने ऑलिम्पिक विक्रम केला. पण त्या फेकीवरून दोन देशांच्या खेळाची उंची मोजता येत नाही. त्याच रात्री ८९.४५ मीटरवर दुसरा आलेला नीरज पहिला आला असता, तर भारत त्याच सहा पदकांवर साठाच्या आत गेला असता आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात 'झेप' हा शब्द आला असता. एका भाल्याच्या साडेतीन मीटरवर दीडशे कोटींच्या देशाची झेप किंवा घसरण ठरते.

हा नियम कुणी केला? ऑलिम्पिकच्या सनदेने तर नाही. सनदेचा सहावा नियम स्पष्ट सांगतो की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती समारोपाच्या रात्री कुठल्याही देशाला विजेता म्हणून ढाल देत नाही. तिच्या संकेतस्थळावर तक्ता असतो, पण तो माहितीपुरता. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिम्पिक झाले तेव्हा सुवर्णपदकच नव्हते. पहिल्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची डहाळी मिळत असे. सोने पहिल्यांदा दिले गेले ते १९०४ मध्ये सेंट लुइसला. आज आपण अथेन्सचा तक्ता छापतो तो मागाहून मांडलेला हिशोब. आणि त्या हिशोबातही पेच आहेच : अमेरिकेचे पहिले क्रमांक अकरा, ग्रीसचे दहा, पण पहिले तीन क्रमांक मिळून मोजले तर ग्रीस अमेरिकेच्या दुपटीहून पुढे.

तक्ता खऱ्या अर्थाने वाढवला तो तुमच्या व्यवसायाने, आणि शीतयुद्धाने. १९५२ साली हेलसिंकीला सोव्हिएत संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकला उतरला. अमेरिकेची सुवर्णपदके ४०, सोव्हिएत संघाची २२. सोव्हिएत बाजूने पहिल्या सहा क्रमांकांना गुण देऊन वेगळी बेरीज मांडली, त्यात दोन्ही देश बरोबरीत आले. ज्याला जो हिशोब सोयीचा, त्याने तो छापला. ही सवय अजून गेलेली नाही. २००८ ला बीजिंगमध्ये चीनची सुवर्णपदके ५१, अमेरिकेची ३६. एकूण पदके चीनची १००, अमेरिकेची ११०. जगभर चीन पहिला छापला गेला आणि अमेरिकेतल्या अनेक पत्रांत अमेरिका पहिली. पुढे उत्तेजक चाचण्यांच्या फेरतपासणीत चीनच्या तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णपदके काढून घेतली गेली आणि आज तो आकडा ४८ आहे. बीजिंगचा तक्ता मी फळ्यावर लिहून, पुसून, त्यावर दिवाळीच्या सुट्टीची सूचना लिहिली, त्याला कितीतरी वर्षे होऊन गेली होती तेव्हा कुठे तो बदलला.

त्याच हेलसिंकीत आमच्या भागातला एक पैलवान होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्य. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परदेशी जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या मैदानावर येणाऱ्या जुन्या माणसांकडून ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! त्यात कुणी कधी भारताचा क्रमांक सांगितला नाही. मलाही तो वहीत लिहावासा वाटला नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पडायला बहात्तर वर्षे लागली. ते स्वप्नीलचे, ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशनचे. रेल्वेतल्या तिकीट तपासनीसाची नोकरी सांभाळून मिळवलेले. एकाहत्तर या आकड्यात ती बहात्तर वर्षे कुठे बसवायची?

आता खेळांच्या वाटणीकडे या, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. पॅरिसमध्ये ३२९ सुवर्णपदके होती. त्यातली ४८ ॲथलेटिक्सची, ३५ तलावातल्या पोहण्याची. हॉकीची दोन. हॉकीचा सोळा जणांचा संघ तेरा दिवसांत आठ सामने खेळतो आणि तक्त्यात एक पदक पडते. पोहण्यात एकच माणूस एका आठवड्यात अनेक शर्यती जिंकू शकतो. मायकल फेल्प्सने बीजिंगला आठ सुवर्णपदके जिंकली. त्याच्या सगळ्या ऑलिम्पिकची मिळून २३. भारताची आजवरची एकूण सुवर्णपदके १०, त्यातली आठ हॉकीची. फेल्प्स थोर आहे यात वाद नाही. पण ध्यानचंदांचे तीन संघ मिळून तीन पदके आणि एका पोहणाऱ्याची एकाच ऑलिम्पिकमध्ये आठ, हे एकाच तराजूत घालून देश तोलायचे आणि मग म्हणायचे की यांची खेळसंस्कृती अमुक पट मोठी, हे मला पटत नाही. कबड्डी आणि खो-खो तर ऑलिम्पिकमध्ये नाहीतच. आमच्या शाळेच्या मुलींनी जे गुडघे फोडून घेतले त्याला तक्त्यात रकाना नाही.

लोकसंख्येने भागा, असे सुचवणारे बरेच असतात. मीही एकदा फळ्यावर तसा तक्ता लिहून पाहिला. त्यातही दोष निघाला. लहान देश वर जातात : पॅरिसला जुलियन आल्फ्रेडच्या सुवर्ण आणि रौप्यावर दोनेक लाख वस्तीचा सेंट लुसिया झळकला आणि मुलांना त्या बेटाचे नाव कळले, ते फार छान झाले. पण मोठा देश लोकसंख्येच्या प्रमाणात खेळाडू उतरवू शकत नाही. ॲथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे तीनच, पोहण्यात दोनच. लोक दीडशे कोटी असले तरी दारे तेवढीच. भागाकार केला की तक्ता न्यायाचा होतो, हा समज मी तेव्हाच सोडला.

हे सगळे आज का लिहितो आहे? २०२६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा ग्लासगोला आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्चाच्या कारणाने यजमानपद सोडले म्हणून ग्लासगोने त्या लहान आकारात घेतल्या. फक्त दहा खेळ. कुस्ती नाही, बॅडमिंटन नाही, टेबल टेनिस नाही, हॉकी, स्क्वॉश, क्रिकेट नाही, नेमबाजीही नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला भारताने ६१ पदके जिंकली होती, त्यात २२ सुवर्ण, आणि चौथा क्रमांक. मी वहीवरून बेरीज केली. ग्लासगोत वगळलेल्या खेळांतून त्यातली ३० पदके आली होती : कुस्ती १२, टेबल टेनिस ७, बॅडमिंटन ६, हॉकी २, स्क्वॉश २, क्रिकेट १. आणि २२ सुवर्णांपैकी १३. कुस्तीची सहा, टेबल टेनिसची चार, बॅडमिंटनची तीन. म्हणजे आपल्या पोरापोरींनी बर्मिंगहॅमइतकाच उत्तम खेळ केला तरी तक्त्यात अर्ध्याहून जास्त सोने गायब असणार. रात्रपाळीचा उपसंपादक घाईत 'भारताची घसरण' असा मथळा देईल आणि तो खोटा नसेल, पण खराही नसेल. सकाळी कुठल्यातरी शाळेत कुठलातरी सर तो फळ्यावर उतरवेल. निदान त्या मथळ्याखाली एक चौकट द्या : गेल्या वेळी कोणते खेळ होते, या वेळी कोणते नाहीत, त्यातून किती पदके आली होती. चार ओळींचे काम आहे.

उलट दिशेनेही हे घडते, आणि तेव्हा आपण खूश असतो म्हणून बोलत नाही. दिल्ली, २०१०. शेवटच्या दिवशी ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पाने दुहेरीत, सायना नेहवालने एकेरीत सुवर्ण जिंकले आणि भारत ३८ सुवर्णांवर पोचला. इंग्लंड ३७ वर राहिले. आपण दुसरे! त्या दिवशी मी फळ्याभोवती रंगीत खडूने वेलबुट्टी काढली होती. इंग्लंडची एकूण पदके १४२ आणि आपली १०१ होती, हे मुलांना सांगायचे माझ्या जिवावर आले. आपल्या ३८ पैकी १४ नेमबाजीची आणि १० कुस्तीची. त्याच दिवशी हॉकीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला ८-० ने हरवले होते. मुलांना या सगळ्या गोष्टी सांगायला हव्या होत्या. मी एकच सांगितली, तेव्हा दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीतही तेच. २०२३ ला गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्र पहिला आला, ८० सुवर्ण, एकूण २२८. सव्वा वर्षाने उत्तराखंडला सेनादलांनी ६८ सुवर्णांवर आपल्याला मागे टाकले, आपली ५४. एकूण पदके बघाल तर आपली दोनशेच्या घरात, सेनादलांची १२१. सेनादलांचा संघ म्हणजे देशभरातून निवडलेले, पगारावर असलेले, बारा महिने सराव करणारे प्रौढ खेळाडू. आपल्या राज्याची ताकद म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली पोरे. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका उतरंडीत मांडल्यावर 'महाराष्ट्राचे अव्वल स्थान हुकले' एवढेच उरते.

क्रमांक नुसता छापण्यापुरता राहिला असता तर मी एवढे लिहिले नसते. पण छापलेल्या क्रमांकाचे ध्येय होते आणि ध्येयामागे पैसा जातो. ब्रिटन १९९६ ला अटलांटात एका सुवर्णावर ३६ वा आला. देशाची नामुष्की झाली. लॉटरीचा पैसा खेळात आला, पदकाची शक्यता जिथे, तिथे निधी, असे कडक धोरण आले, आणि वीस वर्षांत ब्रिटन रिओला २७ सुवर्णांसह दुसरा. हे यश मोठे आहे आणि त्यातून शिकण्यासारखेही बरेच आहे. पण लंडन २०१२ नंतर तिथल्या हँडबॉलचा, व्हॉलीबॉलचा, पुढे बास्केटबॉलचाही हा निधी काढून घेतला गेला, कारण त्यांच्याकडून पदक येणार नव्हते. बास्केटबॉल हा तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांचा खेळ. तक्त्यात एका संघाचे एकच पदक, आणि तेही दूर.

आपल्या सरकारनेही २०३६ पर्यंत पहिल्या दहांत येण्याचे ध्येय ठेवले आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. पॅरिसमध्ये दहाव्या स्थानावरच्या जर्मनीची सुवर्णपदके १२ होती. बारा सुवर्णे दोन रस्त्यांनी येऊ शकतात. एक, पदके जास्त आणि स्पर्धक कमी असे प्रकार हेरून पन्नास-साठ खेळाडूंवर सगळे ओतणे. दुसरा, तालुक्यात धावपट्टी, शाळेला मैदान, मैदानाला शिक्षक. दुसऱ्या रस्त्याला वीस वर्षे लागतात आणि त्यातली पहिली दहा वर्षे तक्त्यात काहीच दिसत नाही. तुम्ही फक्त तक्ता छापत राहिलात तर पहिला रस्ता निवडणाऱ्यांना रोज टाळ्या मिळतील. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागेवर कुणी आले नाही. आता पीटीचा तास गणिताच्या बाई घेतात, म्हणजे गणितच घेतात.

मग छापायचे काय? तक्ता बंद करा असे मी म्हणत नाही. बोर्डाने दहावीची गुणवत्ता यादी बंद केली तरी लोक टक्के विचारतातच. तक्ता छापा, पण त्याच्या शेजारी आपल्या खेळाडूंचा दुसरा तक्ता छापा. किती जण उतरले, किती जण अंतिम फेरीत पोचले, किती जण पहिल्या आठांत आले, किती जणांनी स्वतःची आजवरची सर्वोत्तम कामगिरी केली. ऑलिम्पिकमध्ये पहिल्या आठांना प्रमाणपत्र देतात. म्हणजे खुद्द संयोजकांनाही तिसऱ्याच्या पुढचे दिसते. पॅरिसमध्ये आपण सहा वेळा चौथे आलो. मीराबाई चानूने १९९ किलो उचलले, कांस्य २०० ला गेले. मनू भाकर तिसऱ्या पदकापासून एक पायरी दूर राहिली. लक्ष्य सेन, अर्जुन बबुता, तिरंदाजीत अंकिता भकत आणि धीरज बोम्मदेवरा, स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका. आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा आमचा अविनाश साबळे, ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. तो अकरावा आला. पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा उडी मारत जगातल्या पंधरा-सोळा सर्वोत्तम धावपटूंबरोबर धावला. आमच्या फळ्यावर त्याची नोंद नव्हती. तुमच्या तक्त्यात तरी कुठे होती?

१९८४ चा तक्ता काढून बघा. भारताचे नावच सापडणार नाही, कारण लॉस एंजेलिसला एकही पदक मिळाले नाही. त्याच स्पर्धेत पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने चौथी आली होती. आज चाळीस वर्षांनी त्या स्पर्धेतले लोकांना काय आठवते?

आणखी एक विनंती, पॅरालिम्पिकबद्दल. पॅरिसला भारताने पॅरालिम्पिकमध्ये २९ पदके जिंकली, त्यात सात सुवर्ण, क्रमांक १८ वा. आमच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीचे गोळाफेकीतले रौप्य त्यातले. तेव्हा '१८ विरुद्ध ७१' अशी तुलना खूप ठिकाणी झाली, धडधाकटांना लाज वाटावी अशा सुरात. पॅरालिम्पिकमध्ये ५४९ सुवर्णपदके होती, गट वेगळे, प्रकार वेगळे. ही तुलना दोन्हीकडच्या खेळाडूंचा अपमान करते. सचिनने १६.३२ मीटर गोळा टाकला, त्याला दुसऱ्या कुणाच्या पराभवाचा टेकू लागत नाही.

फळ्यासमोरची ती मुलगी आता दहावीत असेल. माझ्या शेवटच्या वर्षी तिची उडी पाच मीटरला भिडत आली होती. जिल्ह्याला ती पाचवी आली तेव्हा पायऱ्यांवर बसून रडली, कारण पुढे तिघींनाच पाठवतात. मी तिला वही दाखवली : जूनमधली उडी, ऑगस्टमधली, डिसेंबरमधली. तिने तीनही आकडे बोटाने मोजले आणि विचारले, "सर, अजून किती वाढेल?" त्या दिवशी तिने क्रमांक विचारला नाही.

ग्लासगोच्या पहिल्या दिवशी मी शाळेत जाणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. फळ्याचे उजवे अंग पुसून पाच रकाने आखून ठेवीन : खेळाडू, प्रकार, कितवा आला, याआधीची सर्वोत्तम कामगिरी, आजची कामगिरी. शेवटचे दोन रकाने भरायला मला तुमच्या पानाशिवाय दुसरी जागा नाही. पेपर सकाळी सव्वासातच्या एसटीने येतो.

आपला,
एक जुना वाचक आणि क्रीडाशिक्षक